बोरिवलीहून गावाला

२९ ऑगस्ट २०२४ रोजी, गुरुवारी दुपारी, बोरिवली स्थानकातून वांद्रे टर्मिनस–मडगाव एक्सप्रेसची पहिली फेरी सुटली. केंद्रीय मंत्री आणि उत्तर मुंबईचे खासदार पीयूष गोयल फलाटावर हजर होते. गणेशचतुर्थी नऊ दिवसांवर आली होती. लोकसभेचा निकाल लागून तीन महिने व्हायचे होते आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. गाडी सुटायला एवढे मुहूर्त एकत्र जुळून आले, तेव्हा ती सुटली.

कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सलग सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. म्हणजे रूळ पडल्यापासून पश्चिम उपनगरांना स्वतःची पहिली नियमित कोकणगाडी मिळायला साडेसव्वीस वर्षं लागली. गणपतीच्या जादा गाड्या मधल्या काळात पश्चिम रेल्वेवरून सुटत होत्याच. मुंबई सेंट्रलहून, वांद्र्याहून. पण जादा गाडी ही पाहुणी असते. अनंतचतुर्दशी झाली, थोडे दिवस गेले की तिचा नंबरसुद्धा कुणाला आठवत नाही. बारमाही, छापील वेळापत्रकात जागा असलेली, १०११५ आणि १०११६ असे कायमचे क्रमांक असलेली गाडी ही पहिली.

ही गाडी एवढी उशिरा का आली आणि आली ती अशी अर्धीमुर्धी का आली, हे पाहण्यासारखं आहे. कारण त्यात रेल्वेपेक्षा मुंबईची गोष्ट जास्त आहे.

कोकणातला माणूस मुंबईत आला तो आधी समुद्रमार्गे. बंदराबंदराला लागत जाणारी बोट, भाऊचा धक्का, डेकवर पथारी. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती गटारी अमावास्या होती आणि अनेक जण सणासाठी घरी निघाले होते. ती आठवण कोकणात पुढच्या दोन पिढ्यांनी सांभाळली. त्यानंतर हळूहळू बोटी गेल्या, एस.टी. आली, आणि मुंबई–गोवा रस्त्यावरच्या वळणांवर उलट्या करत गावाला जाणं हा बालपणाचा भाग झाला. रेल्वे मात्र सह्याद्रीच्या पलीकडून पुण्याला, सोलापूरला, मद्रासला जात राहिली. मुंबईला गिरण्यांत, गोदीत, पोलिसांत आणि पोस्टात माणसं पुरवणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात एक मीटरही रूळ नव्हता.

राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून निवडून येणारे बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत कोकण रेल्वेसाठी बोलत राहिले. १९७१ साली ते गेले आणि त्याच मतदारसंघातून प्रा. मधू दंडवते आले. ते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम त्यांनीच घातला, आणि एवढ्या एका कामासाठीसुद्धा त्यांना विसरू नये असं मला वाटतं. पण कोकणाची गाडी तेव्हाही रोह्याच्या दिशेने सरपटतच होती. दिवा–पनवेल मार्ग साठच्या दशकातला. रोह्याला रेल्वे पोहोचली १९८६ साली. खरा धक्का मिळाला तो १९८९–९० मध्ये, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, आणि १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली.

पुढचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. ७४१ किलोमीटर, ९१ बोगदे, मोठे-छोटे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. भारतात इतका लांब रेल्वेबोगदा त्याआधी नव्हता. मातीचे डोंगर पावसात बोगद्यात उतरायचे, पेडण्याच्या बोगद्याने तर अभियंत्यांना अक्षरशः रडवलं. साडेतीन हजार कोटींच्या आसपास खर्च आला आणि त्यातला मोठा वाटा सरकारी अनुदानातून नाही, बाजारातून रोखे काढून उभा केला गेला.

या रोख्यांचा एक परिणाम प्रवाशाच्या खिशात आजही दिसतो आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कर्ज फेडायचं म्हणून कोकण रेल्वेवर प्रवासी भाडं आकारताना प्रत्यक्ष अंतरात ४० टक्के भर घातली जाते. शंभर किलोमीटर गेलात तर एकशे चाळीसचे पैसे. कोकणातला माणूस भाड्यावरून फारसा भांडत नाही. त्याचं भांडण जागेसाठी असतं, म्हणून हे वर्षानुवर्षं निभावून गेलं.

आता मुंबईकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधीच रीतसर संपला नाही. जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांत कोकणातले किती, हे सांगायला लालबाग-परळच्या चाळींची नावं वाचली तरी पुरे. संपानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरणगाव रिकामं होत गेलं. दहा बाय बाराची खोली विकून दहिसरला वन-रूम-किचन, दोन भावांच्या वाटणीत एक नालासोपाऱ्याला, एक डोंबिवलीला. कांदिवलीचं चारकोप आणि बोरिवलीची गोराई या जागतिक बँकेच्या मदतीने ऐंशीच्या दशकात आखलेल्या वसाहती. तिथल्या बैठ्या घरांत मराठी नोकरदार आला. मालाडचं कुरार, जोगेश्वरीची मेघवाडी, बोरिवली पूर्वेच्या टेकडीलगतच्या वस्त्या, दहिसर. ग्रामस्थ मंडळांच्या पावत्यांवरचे पत्ते बघितले तर हे स्थलांतर कुठल्याही जनगणनेपेक्षा स्पष्ट दिसतं. मंडळाची नोंदणी ‘मुंबई १२’ची, पण अध्यक्ष कांदिवलीचा, खजिनदार विरारचा आणि सभा बोरिवलीतल्या शाळेच्या वर्गात.

हे सगळं घडत असतानाच कोकण रेल्वे सुरू झाली आणि तिच्या गाड्या सुटू लागल्या त्या सीएसटीवरून, दादरहून आणि कुर्ला टर्मिनसवरून. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, पुढे तुतारी, तेजस आणि २०२३ च्या जूनपासून वंदे भारत. मत्स्यगंधा आणि नेत्रावती कुर्ल्याहून. सगळ्या मध्य रेल्वेच्या रुळांवरून, ठाणे-पनवेलमार्गे. थोडक्यात, चाकरमानी परळहून उठून बोरिवलीला गेला होता आणि त्याची गाडी अजून परळच्या शेजारून सुटत होती.

मध्य रेल्वेवरच्या उपनगरांचं यात फारसं अडलं नाही. मुलुंडच्या माणसाला ठाणे हे पुढचंच स्थानक. भांडुप, विक्रोळी, घाटकोपरकराला एका बाजूला ठाणे, दुसऱ्या बाजूला कुर्ला. रिक्षाने स्टेशन, लोकलने ठाणे, आणि समोर जनशताब्दी किंवा कोकणकन्या. घाटकोपरची वहिनी पहाटे चारला उठून गाडी पकडते. बोरिवलीच्या वहिनीला त्याच गाडीसाठी आदल्या रात्री दादरच्या नणंदेकडे मुक्कामाला जावं लागतं. सीएसएमटीहून जनशताब्दी सुटते पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी, वंदे भारत ५ वाजून २५ मिनिटांनी. या वेळा पश्चिम उपनगरांतल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लावलेल्या नाहीत हे सांगायला तज्ज्ञ नको.

मग लोकांनी वाटा काढल्या. रात्रीच्या गाड्यांसाठी दादर. तिथे पश्चिम रेल्वेच्या फलाटावरून मध्यच्या फलाटावर जायचा तो जिना, हातात पिशव्या, डोक्यावर ट्रंक, कडेवर मूल आणि समोरून येणारी गर्दी. तुतारी दादरहून सुटते रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे तारीख बदलल्यावर. शुक्रवारच्या रात्री जायचं म्हणून शुक्रवारचं तिकीट काढणारा माणूस एक दिवस उशिरा दादरला पोचतो आणि मग टीसीसमोर उभा राहतो. हे घडलेलं घर मला ठाऊक आहे, आणि वाचकांपैकी अनेकांना आपलं घर आठवेल.

अंधेरीकरांसाठी ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि एक नवीन दोर हाती आला. मेट्रोने घाटकोपर, तिथून धीम्या लोकलने ठाणे. ११.४ किलोमीटरच्या त्या मार्गाने पूर्व आणि पश्चिम उपनगरं पहिल्यांदा नीट जोडली. पण मेट्रोच्या तपासणी यंत्रातून नारळाची गोणी, तांदळाचं पोतं आणि परतीला आंब्याची पेटी घालून बघा. काही जण हार्बरने पनवेल गाठतात. अंधेरीहून पनवेलला थेट जाणाऱ्या लोकल मोजक्या, नाहीतर वडाळ्याला बदला. बोरिवलीचे घोडबंदरमार्गे ठाण्याला जातात आणि घोडबंदरवर अडकले की गाडी ठाण्याहून निघून गेल्याचं मोबाइलवर बघतात. या दोन ठिकाणांमध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे आणि त्याच्या पोटातून जाणाऱ्या ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. तो झाला की ठाणे हेच बोरिवलीचं कोकण टर्मिनस होईल असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. बोगद्यातून गाडीवाला जाईल, पोतंवाला जाणार नाही.

आणि अर्थातच एस.टी. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीच्या आगारातून सुटणाऱ्या कोकणच्या गाड्यांनी ही सगळी वर्षं पश्चिम उपनगरांना निभावून नेलं. गणपतीत वाडीने मिळून अख्खी एस.टी. आरक्षित करायची आणि ती सोसायटीच्या कोपऱ्यावरून थेट गावच्या पारापर्यंत न्यायची, ही सोय कुठल्याही रेल्वेला देता येणार नाही. तिच्या जोडीला द्रुतगती महामार्गालगत उभ्या राहणाऱ्या खासगी लक्झरी. त्यांचं भाडं मागणीप्रमाणे फुगतं आणि चतुर्थीच्या आदल्या दोन रात्री ते ऐकून माणूस खाली बसतो. रस्ता कसा आहे ते लिहायला हा लेख पुरणार नाही. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे एवढंच नोंदवतो.

हा असा द्राविडी प्राणायाम असताना पश्चिम रेल्वेवरून सरळ कोकणात गाडी का जात नव्हती? लोक म्हणतात, राजकीय इच्छाशक्ती नव्हती. तीही नव्हतीच. पण त्याआधी एक साधी अडचण रुळांच्या मांडणीत आहे आणि ती वसईला आहे.

पश्चिम रेल्वेवरून कोकणात जायचं तर वसई रोडपर्यंत उत्तरेला जावं लागतं. तिथून जूचंद्र, कामण, भिवंडी, कोपर, दिवा या बाजूने पनवेलला उतरणारा मार्ग ऐंशीच्या दशकात झाला. तो मुळात आखला मालगाड्यांसाठी. गुजरात आणि उत्तरेकडून येणारा माल मुंबईच्या गर्दीत न शिरता दक्षिणेकडे आणि पुढे न्हावा-शेवा बंदराकडे जावा म्हणून. त्यामुळे तो फाटा वसई रोडच्या दक्षिण टोकातून फुटतो. सुरतेकडून आलेली गाडी वसईला थांबते आणि नाकासमोर जूचंद्रच्या दिशेने निघते. गुजरात-राजस्थानातून गोव्याला आणि केरळला जाणाऱ्या कितीतरी गाड्या अशाच जातात. मरुसागर, ओखा–एर्नाकुलम, हापा–मडगाव. मात्र बोरिवलीहून उत्तरेला आलेली गाडी वसईत दक्षिण टोकातून शिरते, आणि तिला पुन्हा त्याच टोकातून बाहेर पडायचं असतं. म्हणजे इंजिन सोडवा, उलट्या टोकाला आणून जोडा, ब्रेकची तपासणी करा आणि मग गाडी उलट्या तोंडाने काढा. हे सगळं कुठे, तर ज्या स्थानकातून विरारच्या लोकल मिनिटामिनिटाला जातात त्या स्थानकात.

यावरचा उपाय अभियंत्यांना केव्हाचा माहीत आहे. नायगावच्या अलीकडूनच जूचंद्रला वळवणारा सुमारे सहा किलोमीटरचा दुहेरी जोडमार्ग टाकायचा. वसईत जायलाच नको. या जोडमार्गाला मंजुरी मिळालेली आहे. तो होईपर्यंत प्रत्येक गाडी वसईत तोंड फिरवणार.

दुसरी अडचण घराची. वांद्रे ते वसई पश्चिम रेल्वे, पुढे पनवेल-रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, मग कोकण रेल्वे. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो; ही गाडी तर तीन घरची. डबे पश्चिमने द्यायचे, मधली वाट मध्यने द्यायची, एकेरी मार्गावर जागा कोकणने करायची. पश्चिम रेल्वेची नजर स्वभावतः गुजरात-राजस्थान-दिल्लीकडे. वांद्रे टर्मिनसच्या फलाटावर उभं राहिलं तर पाट्या दिसतात त्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या. त्यात ‘मडगाव’ ही पाटी लागणं हीच बातमी होती. मध्य रेल्वेला स्वतःच्या कोकण गाड्या चालवतानाच दम लागतो. करोनानंतर दादर–रत्नागिरी पॅसेंजर दादरऐवजी दिव्याहून सुटू लागली ती अजून लोकांच्या मनात सलते आहे. आणि कोकण रेल्वे रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरच्या आतला तुकडा सोडला, जो ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला, तर पुढे जवळजवळ सगळी एकेरी.

अशा तीन घरांतून उरलेली वेळ गोळा करून या गाडीचं वेळापत्रक शिवलेलं आहे, आणि ते नीट वाचलं की शिंपी किती अडचणीत होता ते कळतं. गाडी सुरू झाली तेव्हा वांद्र्याहून सुटण्याची वेळ होती सकाळी ६ वाजून ५० मिनिटं, दर बुधवारी आणि शुक्रवारी. मडगावला पोचण्याची रात्री १०. मडगावहून परतीची मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी, वांद्र्याला रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी. डबे वीस, नवे एलएचबी. वातानुकूलित, शयनयान आणि साधारण असे सगळे वर्ग. थांबे बोरिवली, वसई रोड, भिवंडी रोड, पनवेल, रोहा, वीर, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सिंधुदुर्ग, सावंतवाडी रोड, थिवी, करमळी.

सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी का? माझा तर्क सरळ आहे. त्या वेळी पश्चिम रेल्वेवरची गर्दी विरारकडून चर्चगेटकडे धावत असते. उत्तरेकडे जाणारी बाजू त्या मानाने मोकळी. परतीला गाडी रात्री दक्षिणेकडे येते, तेव्हा ऑफिसची गर्दी उलट दिशेला. लोकलला धक्का न लावता लांब पल्ल्याची गाडी घुसवायची तर याच दोन फटी आहेत. मुंबईत लांबच्या गाडीची वेळ मडगाव ठरवत नाही, विरार फास्ट ठरवते. म्हणूनच पाचव्या-सहाव्या मार्गिकेला एवढं महत्त्व. खार ते गोरेगाव सहावी मार्गिका नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिचं काम पुढे बोरिवलीकडे सरकत राहिलं. ती मार्गिका नसती तर ही गाडीही नसती असं मी म्हणणार नाही, पण पश्चिम उपनगरांतून आणखी गाड्या हव्या असतील तर वाट तिच्यावरूनच जाते.

आता जरा गावच्या बाजूने हे वेळापत्रक बघा. सीएसएमटी–मडगाव वंदे भारत बिगरपावसाळी दिवसांत पावणेआठ तासांत मडगाव गाठते. ही गाडी पंधरा तास घेते, परतीला सोळा. अंतर साधारण सहाशे किलोमीटर. सुरुवातीचं वेळापत्रक पावसाळी होतं हे मान्य. कोकणात पावसाळ्यात गाड्या हळू चालतात आणि त्या तशाच चालाव्यात. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांवर जादा गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. त्यानंतर वेग उतरवला गेला, रात्रंदिवस गस्त वाढली, कापणीच्या उतारांना जाळ्या बसल्या. हातात कंदील घेऊन मुसळधार पावसात रूळ तपासत चालणाऱ्या गस्तवाल्यामुळे आपण झोपेत गावाला पोचतो. त्याच्यासाठी दोन तास जास्त लागले तर कुणी कुरकुर करू नये.

पण बाकीचे तास जातात ते क्रॉसिंगला. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीने बाजूला व्हायचं, आणि बाजूला व्हायचं कुणी हे गाडीच्या प्रतिष्ठेवर ठरतं. राजधानी जाते, वंदे भारत जाते, तेजस जाते. नवी, दोन दिवसांची, तीन घरची गाडी एखाद्या आडवळणाच्या स्थानकात उभी राहते. खिडकीतून करवंदीची जाळी बघायला बरी वाटते, पहिली वीस मिनिटं.

दिवसांची निवड तर अधिकच विचित्र. चाकरमान्याला रात्रीची गाडी लागते. दिवसभर काम, रात्री डब्यात झोप, सकाळी गावच्या खळ्यात चहा. म्हणजे रजा वाचते. तुतारी आणि कोकणकन्या यांच्यावर उड्या पडतात त्या याचसाठी. दिवसाची गाडी अख्खा दिवस खाते. त्यातही ही गाडी शुक्रवारी सकाळी निघते आणि तुम्हाला सावंतवाडीला रात्री उतरवते. तिथून गावची एस.टी. गेलेली असते, मग रिक्षा. परत यायचं तर रविवारी गाडी नाही, सोमवारी नाही, मंगळवारी आहे. शनिवार-रविवारच्या गावभेटीसाठी शुक्रवार, सोमवार आणि मंगळवार अशा तीन रजा. निवृत्तांना ही गाडी चालेल. गोव्याला जाणाऱ्या पर्यटकाला चालेल. ज्याच्या नावाने ती मागितली होती त्या कांदिवलीच्या नोकरदाराला ती वर्षातून एकदा, गणपतीत, चालेल.

वेळापत्रक कागदावर मांडलं की आणखी एक गोष्ट दिसते. बुधवारी गेलेली गाडी गुरुवारी परत येते, शुक्रवारी पुन्हा जाते, आणि शुक्रवारी रात्री मडगावला पोचलेली गाडी मंगळवारीच परत फिरते. एकाच रेकमध्ये, म्हणजे डब्यांच्या एकाच संचात, हे सगळं बसतं. त्या रेकला शनिवार ते सोमवार दुसरं काही काम दिलं नसेल, तर देखभालीचे तास सोडूनही रविवारची परतीची आणि सोमवारची जाण्याची फेरी त्यात मावते. रविवारी सकाळी मडगावहून निघालेली गाडी रात्री बोरिवलीला माणसं उतरवील आणि सोमवारी ती कामावर जातील. नवे डबे न घेता गाडी उपयोगी पडू लागेल.

थांब्यांबद्दलही लिहायला हवं. सुरुवातीच्या यादीत खेड नाही, संगमेश्वर नाही, राजापूर नाही, वैभववाडी नाही, कुडाळ नाही. इकडे अंधेरीही नाही. अंधेरीच्या माणसाने एकतर मागे वांद्र्याला जायचं नाहीतर पुढे बोरिवलीला. बोरिवली त्याला सोयीची, कारण वांद्रे टर्मिनस वांद्रे लोकल स्थानकापासून अंतरावर आहे आणि सामान घेऊन ते अंतर कापताना माणसाला आपण अजून मुंबईतच आहोत याची खात्री पटते. संगमेश्वर, खेड आणि कुडाळचा आग्रह मला रास्त वाटतो. पंधरा तासांच्या गाडीने तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटं थांबल्याने काही बिघडत नाही. वेगाच्या नावाखाली थांबे तोडायचे तर आधी वेग असावा लागतो.

सावंतवाडीच्या टर्मिनसचा प्रश्नही याच्याशी बांधलेला आहे. जून २०१५ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना तिथे टर्मिनसची पायाभरणी झाली. पाणी भरणं, डबे धुणं, देखभाल, रेक उभा करून ठेवणं ही पूर्ण सोय तिथे झाली असती, तर मुंबईच्या गाड्या मडगावच्या दारात उभ्या राहण्याऐवजी सावंतवाडीहून उलट फिरल्या असत्या आणि सिंधुदुर्गाच्या वाट्याला जास्त जागा आल्या असत्या. मडगावपर्यंत जाणाऱ्या गाडीत गोव्याचा पर्यटक आणि कुडाळचा आजोबा एकाच प्रतीक्षायादीत असतात. डिसेंबरात ती यादी कोण जिंकतो हे सांगायला नको.

गणपतीचं गणित वेगळंच. रेल्वेच्या आकडेवारीप्रमाणे देशभर गणपतीच्या जादा गाड्यांच्या फेऱ्या २०२३ मध्ये ३०५, २०२४ मध्ये ३५८ आणि २०२५ मध्ये ३८० झाल्या. राजकीय पक्षांच्या मोफत गाड्या आणि बसगाड्या त्याशिवाय. २०२५ मध्ये कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवाही आणली, एका गाडीला ७,८७५ रुपये. मालट्रकांसाठी ही कल्पना १९९९ पासून उत्तम चालली आहे. मोटारवाल्याला मात्र आधी कोलाडपर्यंत रस्त्याने जा, तिथे रांग लावा, मग गोव्यात उतरून पुन्हा मागे सिंधुदुर्गात या, हे पटलं नाही आणि पहिल्या वर्षी प्रतिसाद थंड राहिला. तिकिटांचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. चतुर्थीच्या साठ दिवस आधी सकाळी आठला अख्खं घर मोबाइल घेऊन बसतं: मुलगा मालाडला, सून माहेरी, भाचा पुण्याला. आठ वाजून काही मिनिटांनी घराच्या ग्रुपवर एकतर हात जोडलेली चित्रं येतात नाहीतर ‘रिग्रेट’.

तरीही एवढं सगळं बोलून झाल्यावर ही गाडी चांगली की वाईट? चांगली. ४ सप्टेंबर २०२४ च्या बुधवारी, चतुर्थीच्या तीन दिवस आधी, वांद्र्याहून तिची पहिली नियमित फेरी निघाली. म्हाताऱ्या आईला दादरच्या जिन्यावरून चढवावं लागत नाही, बोरिवलीच्या फलाटावर खुर्ची टाकून बसवता येतं आणि तिथूनच ती कणकवलीला उतरते. ही सोय आकड्यांत मोजता येत नाही आणि ज्यांच्या घरात गुडघे दुखणारी माणसं आहेत त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. गाडी हळू आहे, दोनच दिवस आहे, चुकीचे दिवस आहे. पण आता तिला नंबर आहे. नंबर असलेल्या गाडीचे दिवस वाढवता येतात, वेळ बदलता येते, थांबे मागता येतात. नसलेल्या गाडीचं काहीच मागता येत नाही.

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. नाव ‘कोकण रेल्वे’च राहावं आणि राज्याने घातलेले जवळपास ४०० कोटी रुपये परत मिळावेत, या अपेक्षेसह. विलीनीकरण झालं तर तीन घरांपैकी एक घर कमी होईल, दुहेरीकरणाला केंद्राच्या अर्थसंकल्पातून पैसे मिळतील आणि ते ४० टक्के जादा अंतरही जाईल अशी आशा आहे. हे पत्रव्यवहार मंत्रालयांत चालतील. नायगाव–जूचंद्र जोडमार्ग आणि रविवारची परतीची फेरी यांसाठी मात्र विलीनीकरणाची वाट बघायचं कारण नाही. या दोन गोष्टी उपनगरांतल्या आमदार-खासदारांनी, पक्ष कुठलाही असो, प्रत्येक सभेत विचारल्या पाहिजेत आणि ग्रामस्थ मंडळांनी त्यांना विचारायला लावल्या पाहिजेत.

वाचकाला एक व्यवहाराची विनंती. स्थानकावर थांबा ठेवायचा की काढायचा, गाडी वाढवायची की नाही, हे रेल्वे त्या स्थानकावरून किती तिकिटं निघाली यावरून तोलते. तेव्हा या गाडीचं तिकीट काढताना सवयीने ‘वांद्रे टर्मिनस’ टाकू नका. बोरिवलीला चढणार असाल तर बोरिवलीच लिहा, आणि वसईला चढणार असाल तर वसई रोड.